गुडघ्याचा अंदाज

आमची आई पावसाचा अंदाज गुडघ्यावरनं सांगायची. उन्हाळ्यात अंगणात बाजेवर कुरडया, पापड, सांडगे वाळत घातलेले असायचे. वर आभाळ लख्ख. आणि ती उंबऱ्यावर बसून उजव्या गुडघ्याला तेल चोळत म्हणायची, "वाळवण आत घ्या रं. माजं गुडगं बोलाय लागलंय." आम्ही पोरं हसत हसत बाजा आत ओढायचो. पुष्कळदा संध्याकाळच्या आत वळीव यायचा. गल्लीतल्या बायका डाळ वाळत घालायच्या आधी तिला विचारून जायच्या. आबा कडब्याची गंज झाकायची का नाही ते तिच्याकडनं पक्कं करून घ्यायचे. मोठा मान होता त्या गुडघ्याला.

पण हा मान अंदाजापुरता होता. त्याच दिवशी ती म्हणाली, "आज मला खुरपायला बसायचं व्हनार न्हाई," की आबांच्या कपाळाला आठी पडायची. "आभाळ आलं की तुजं सुरू झालं," असं म्हणायचे ते. मीही म्हणालोय. खोटं कशाला सांगू, त्याच शब्दांत म्हणालोय. तिच्या गुडघ्याचा अंदाज आम्हाला चालायचा, त्या गुडघ्याचं दुखणं चालायचं नाही.

हे मी आईच्या आठवणी म्हणून लिहीत नाही. मला भांडायचं आहे. भांडण दोघांशी आहे. एक ते शिकलेले लोक, जे म्हणतात की आभाळ आलं म्हणून सांधे दुखणं हा निव्वळ मनाचा खेळ. आणि दुसरे आपण गावातली माणसं. आपण म्हणतो, वातावरणानं होतंय, आभाळ गेलं की जाईल. वरनं बघितलं तर ही दोन टोकाची माणसं वाटतात. पण दुखणाऱ्या माणसाच्या बाजूनं बघा. दोघंही त्याला एकच सांगतात, गप बस.

आधी आईचा गुडघा कुठनं बिघडला ते सांगतो. आमचं गाव बार्शी तालुक्यातलं. 1972 च्या दुष्काळात मी अकरा-बारा वर्षांचा होतो. विहिरीला पाणी नाही, रानात कुसळ नाही. आई-आबा दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. मिलोच्या भाकरी आणि पोरांना सुकडी, यावर घर चाललं. आई दिवसभर उकिडवी बसून हातोडी मारायची. घरी पाणी लांबून आणायचं, म्हणून जे मिळेल ते रांजणात, हंड्यात, डेऱ्यात भरून ठेवायची. सगळ्यांचीच घरं अशी भरलेली. आणि 1973 साली बार्शी भागात तापाची साथ आली. माणसं एका रात्रीत वाकडी झाली. हाडं मोडल्यासारखी दुखायची, म्हणून लोक त्याला हाडमोड्या ताप म्हणायचे. आईला आठ दिवस ताप होता. ताप गेला, पण सांधे गेले ते गेलेच. सकाळी तिला मुठ मिटता यायची नाही, भाकरी थापायला आमची आत्या येऊन राहिली होती.

त्या तापाचं नाव चिकुनगुनिया हे मला तेहतीस वर्षांनी कळलं. 2006 साली तो परत आला तेव्हा. त्या वर्षी देशात सरकारी मोजणीनंच 13 लाखांवर संशयित रोगी निघाले. त्याच वर्षी नवापूरला कोंबड्यांचा बर्ड फ्लू झाला होता, आणि या रोगाच्या नावात लोकांना 'चिकन' ऐकू आलं, म्हणून आमच्या गावानं कोंबडी खायची सोडली. कोंबडीचा काही संबंध नव्हता. नाव आफ्रिकेतल्या टांझानियाकडच्या एका भाषेतलं, दुखण्यानं वाकून गेलेला माणूस असा त्याचा अर्थ. रोग डासाचा. तो डास गटारातला नाही, घरातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढणारा आणि दिवसा चावणारा.

आता कुणी मला सांगावं की हवामानाचा आणि दुखण्याचा संबंध नाही. पाऊस पडला नाही म्हणून खडी फोडली. पाऊस पडला नाही म्हणून पाणी साठवलं. पाणी साठवलं म्हणून डास झाला, डासानं ताप दिला, तापानं सांधे नेले. आभाळ माणसाच्या गुडघ्यात शिरतं ते असंही शिरतं. हवेचा दाब आणि ओलावा ही पुढची गोष्ट झाली. पण ही वाट दवाखान्यात कुणी विचारत नाही.

2006 साली मीही त्या तापात सापडलो. तोवर आईच्या दुखण्याला मी 'सुरू झालं' म्हणणाऱ्यांतला. ताप उतरला, आणि तिसऱ्या दिवशी खाटेवरनं पाय खाली टाकला तो टाकता येईना. घोटे, मनगटं, बोटांची पेरं सुजलेली. चहाची कपबशी दोन हातांनी धरायची. बैलाचं दावं सोडता येईना, गाठ दातानं सोडवली. आठ-दहा महिने ते पुरतं गेलं नाही, आणि खरं म्हटलं तर डाव्या मनगटातनं आजही गेलेलं नाही. पहिल्या श्रावणात झड लागली तेव्हा मला आईचा गुडघा कळला. रात्री दोनला जाग यायची. बाहेर पावसाचा थेंब नाही, नुसता दमटपणा, आणि मनगट आतून कुणी पिळतंय असं. सकाळी बघावं तर आभाळ भरून आलेलं. आई तेव्हा नव्हती. माफी कुणाकडं मागायची?

आता शिकलेल्यांशी भांडतो.

आमच्या कारभारणीला पाठीचं आणि गुडघ्याचं दुखणं आहे. तिला घेऊन मी तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांकडं गेलो. भला माणूस, तरुण. तिनं सांगितलं, "डाक्टरसाहेब, आबाळ आलं की लई ठणकतंय बगा." ते हसले. म्हणाले, "मावशी, ते मनाचे खेळ असतात. शास्त्रानं तपासलंय, तसं काही निघालं नाही." तिनं पदर सावरला आणि पुढं काहीच बोलली नाही. रात्री झोप येत नाही, हे तिला सांगायचं होतं. जिना चढताना गुडघा निसटल्यासारखा होतो, हे सांगायचं होतं. एका हसण्यानं सगळं पोटात राहिलं.

माझी पुतणी फिजिओथेरपी शिकलेली आहे. शास्त्रानं काय तपासलं ते मी तिला विचारलं. तिनं मोबाईलवर शोधून, मराठीत फोडून मला सांगितलं. मी दहावी शिकलेला माणूस आहे. पण हिशोब मला कळतो.

1996 साली परदेशातल्या दोघा विद्वानांनी संधिवाताच्या 18 रोग्यांचं सव्वा वर्ष दुखणं मोजलं आणि हवामानाशी ताडून बघितलं. संबंध निघाला नाही. ते म्हणाले, माणूस जुळलेले दिवस ध्यानात ठेवतो, न जुळलेले विसरतो. हे म्हणणं खरं आहे, त्याच्याकडं मी पुढं येणार आहे. पण माणसं किती? 18. दुखणं किती वेळा विचारलं? महिन्यातनं दोनदा. आमच्याकडचं आभाळ दिवसातनं चारदा बदलतं. महिन्यातनं दोनदा पर्जन्यमापक बघून कुणी पावसाळ्याचा हिशोब लावला, तर तलाठीसुद्धा हसेल.

दुसरा अभ्यास 2017 सालचा, अमेरिकेतला. तिथं म्हाताऱ्या माणसांच्या एक कोटी दहा लाखांवर दवाखान्याच्या खेपा मोजल्या. पावसाच्या दिवशी सांधे-पाठ दुखते म्हणून जास्त लोक येतात का, एवढंच बघितलं. तर येत नाहीत असं निघालं. मी पुतणीला म्हणालो, "अगं, पावसाच्या दिवशी दवाखान्यात जातंय कोण?" आमच्या वस्तीवरनं डांबरी सडकेपर्यंत दीड किलोमीटर काळी माती आहे. चार थेंब पडले की चप्पल रुतून बसते, मोटारसायकलचं चाक फिरत नाही. ज्याचा गुडघा पावसानं धरलाय तो त्या दिवशी पांघरुणात असतो. चार दिवसांनी वापसा झाला, वाट वाळली, एखादं वाहन मिळालं, की मग तो दवाखान्यात दिसतो, आणि तेव्हा लख्ख ऊन पडलेलं असतं. दवाखान्याच्या खेपा मोजल्यानं खेपा मोजल्या जातात, दुखणं मोजलं जात नाही. अमेरिकेत चिखल नसेल. पण म्हाताऱ्या माणसाला पावसात बाहेर पडणं तिथंही नको वाटत असेल.

तिसरा अभ्यास 2019 साली छापून आला, इंग्लंडातल्या मँचेस्टर विद्यापीठाच्या लोकांनी केलेला. त्यांनी सोपी गोष्ट केली. दुखणाऱ्या माणसांनाच मोबाईलवर रोजच्या रोज दुखणं नोंदवायला लावलं. 2,658 माणसं, महिनोन् महिने. आणि प्रत्येकाच्या ठिकाणचं त्या त्या दिवसाचं हवामान त्याला लावून बघितलं. काय निघालं? हवेत दमटपणा जास्त, दाब कमी आणि वारा जोराचा, अशा दिवशी दुखणं वाढायची शक्यता जास्त. फरक फार मोठा नव्हता, पण होता. म्हणजे माझ्या आईला जे उंबऱ्यावर बसून कळत होतं, ते रोजच्या रोज विचारल्यावर शास्त्रालाही दिसलं. आपल्याकडं वैद्यांच्या जुन्या ग्रंथांत उन्हाळ्यात वात साठतो, पावसाळ्यात उसळतो, असं सांगितलेलंच आहे. ते मी पुरावा म्हणून पुढं करत नाही. जुनं आहे म्हणून खरं, असं मी मानत नाही. पण इतक्या पिढ्यांच्या माणसांनी एकच तक्रार सांगितली, तर ती हसून टाकायच्या आधी नीट विचारून तरी घ्यावी.

आणि एक सांगतो. ओल्या हवेनं दुखणं वाढतं हे मानायला कुणाला जड जात असेल, तर त्यानं आमच्या भागातल्या द्राक्षबागाइतदाराकडं जावं. हवेत दमटपणा वाढला की तो रात्री झोपत नाही. सकाळी डावणी दिसेल या धास्तीनं पहाटे फवारणीचा पंप घेऊन उभा असतो. अवेळी पाऊस झाला, थंडी ठरावीक आकड्याच्या खाली गेली, तर द्राक्षाला हवामानावर आधारलेला विमा आहे. मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटर पाऊस झाला की ती अतिवृष्टी, तिचे पंचनामे आहेत. महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं बसवली आहेत. पाऊस, वारा, तापमान, दमटपणा, सगळं आपोआप नोंदलं जातं. चांगलं आहे. मी त्या विम्याचे पैसे घेतलेला माणूस आहे, मी नाव ठेवणार नाही. पण त्या द्राक्षाखाली वाकून विरळणी करणाऱ्या, डिपिंग करणाऱ्या बाईच्या मानेला आणि मनगटाला तोच दमटपणा लागतो. वेलीला हवा सोसत नाही हे कागदावर मान्य आहे. बाईला सोसत नाही म्हटलं की तो मनाचा खेळ. 2016 च्या अपंगांच्या कायद्यात 21 प्रकार मोजलेत. नुसत्या दुखण्याला त्यात घर नाही. हात तुटला तर दाखला मिळतो. हात आहे पण सहा महिने मुठ मिटत नाही, त्याला काय मिळतं?

इथंपर्यंत वाचून गावातला माणूस खूश होईल. म्हणेल, बरं झालं, डॉक्टरला सुनावलं. थांबा. आता तुमच्या-माझ्याशी भांडण आहे.

पुतणी मला म्हणाली, "तात्या, तुम्ही त्या अठरा माणसांवर हसलात. तुम्ही स्वतः कधी लिहून बघितलंय का?" झोंबलं मला ते. मी भिंतीवरचं कॅलेंडर घेतलं आणि एक वर्षभर रोज रात्री खूण केली. दुखलं की फुली, आभाळ असलं की गोल, आणि त्या दिवशी काय काम केलं ते एका शब्दात. कारभारणीचंही तसंच, तिच्या फुल्या लाल पेनानं. वर्ष संपल्यावर आम्ही दोघं खाटेवर कॅलेंडर पसरून बसलो.

गोलात फुल्या होत्या. श्रावणातली झड, परतीचा हस्ताचा पाऊस, मार्गशीर्षातलं ढगाळ, तिथं फुल्या दाटीनं होत्या. पण गोल नसलेल्या फुल्याही होत्या, आणि त्या पुष्कळ होत्या. आणि कितीतरी गोल बिनफुलीचे होते, जे आम्हाला दोघांनाही अजिबात आठवत नव्हते. त्या विद्वानांचं तेवढं म्हणणं बरोबर होतं. जुळलेलं ध्यानात राहतं. पण आमचे डोळे तिसऱ्याच गोष्टीनं उघडले. सगळ्यात दाट फुल्या माघ महिन्यात होत्या, आभाळ निळंशार असताना. काम लिहिलेलं होतं, ज्वारी काढणी.

ज्यांनी मालदांडी ज्वारी काढलेली नाही त्यांना सांगतो. आमच्याकडं ज्वारी कापत नाहीत, मुळासकट उपटतात. भेगाळलेल्या काळ्या रानात ताटाला दोन्ही हातांनी धरायचं, कंबरेत वाकायचं आणि झटका द्यायचा. एका पेंढीला किती झटके, दिवसाला किती पेंढ्या, ते मोजू नका. पहाटेच्या थंडीत सुरू करायचं, कारण ऊन चढलं की ताटाची पानं हाताला कापतात. त्या दिवसांत आमच्या घरात लाल फुली रोज होती. आणि आजवर तिचं-माझं दोघांचंही म्हणणं काय, तर थंडीमुळं होतंय!

हवामानाचा वाटा आहे, पण तो वरचा. कणीक मळून झाल्यावर लावायच्या तेलाएवढा. कणीक कामानं मळलेली असते. दिवसभर उकिडवं बसून खुरपणं, डोक्यावर ओझं, वाकून ज्वारी उपटणं, अंगात रक्त कमी, बाळंतपणानंतर बाराव्या-तेराव्या दिवशी रानात. सांधा असा झिजून बसलेला असतो, आणि मग आभाळ येऊन त्याला नुसतं बोट लावतं. आपण फक्त ते बोट बघतो.

का बघतो? कारण सोयीचं आहे. आभाळामुळं दुखतंय म्हटलं की कुणाचा दोष राहत नाही. नवऱ्याचा नाही, पोराचा नाही, रानमालकाचा नाही, सरकारी दवाखान्याचा नाही. आभाळाला कुणी जाब विचारत नाही. "वातावरण हाय, जाईल," म्हटलं की औषधाचे पैसे वाचतात आणि कामाचा माणूसही रानातनं कमी होत नाही. आबा आईला 'आभाळ आलं की तुजं सुरू झालं' म्हणायचे तेव्हा ते आईचं म्हणणं खोटं ठरवत नव्हते. आभाळ त्यांना मान्यच होतं. फक्त आभाळाच्या पलीकडचं काही बघायचं नव्हतं.

शेवटच्या काही वर्षांत आईनं पावसाचा अंदाज सांगायचं सोडलं. का सोडलं ते आमच्या कुणाच्या ध्यानातही आलं नाही. एका वैशाखात दुपारी वळीव आला आणि नव्या सुनेनं केलेल्या सगळ्या कुरडया भिजल्या, वर कडब्याची उघडी गंज. आबा तिच्यावर खेकसले, "तुला कळलं न्हाई व्हय? का सांगितलं न्हाईस?" ती भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "गुडग्याचं नाव काढलं की तुमाला राग येतोय. मग कशापायी सांगू?" आबा गप झाले. मीही तिथंच होतो. आम्ही भिजल्या कुरडया गोळा करत राहिलो.

आता या दोन्ही बाजूंच्या गप्प करण्यात जो मोकळा सुटतो, त्याच्याबद्दल. दवाखान्यात हसतात आणि घरी कुणी ऐकत नाही, मग दुखणारा माणूस जातो कुठं? पुडीवाल्याकडं. बाजारच्या दिवशी कागदाच्या पुड्यांत नावगाव नसलेल्या गोळ्या मिळतात. एक पिवळी, एक पांढरी, एक बारीक. सकाळी घेतली की दुपारी माणूस पळायला लागतो. आमच्या चुलतीनं तीन वर्षं घेतल्या. तोंड गोल भरलं, लोक म्हणाले तब्येत सुधारली. मग साखर वाढली, मग हाड ठिसूळ झालं, आणि न्हाणीत नुसतं घसरायचं निमित्त होऊन खुबा मोडला. त्या बारीक गोळीत स्टेरॉईड होतं. स्टेरॉईड वाईट औषध नाही. काही संधिवातांत डॉक्टर मोजून-मापून देतात, आणि चालू असलेलं एकाएकी बंद करणंही धोक्याचं. पण काय खातोय हेच माहीत नसलेल्या माणसानं ते वर्षानुवर्षं खाणं म्हणजे आंधळ्यानं विहिरीच्या काठानं चालणं.

दुसरी गोळी डायक्लोफिनॅक. माझ्या लहानपणी गावाबाहेर मेलेलं जनावर टाकलं की तासाभरात गिधाडं उतरायची. माझ्या पोरांनी गिधाड बघितलेलं नाही. जनावरांना डायक्लोफिनॅकची इंजेक्शनं दिली जायची, ते जनावर मेलं की गिधाडं खायची आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरायची. देशातली शंभरातली पंच्याण्णवच्या वर गिधाडं गेली. 2006 साली सरकारनं जनावरांसाठी ते औषध बंद केलं. तेच ते 2006. त्याच वर्षी चिकुनगुनियानं वाकलेली आमच्या भागातली माणसं तीच गोळी दिवसाला दोन-दोन, तीन-तीन खात होती, रिकाम्या पोटी, कुणाला न विचारता. मीही खाल्ली. गिधाडाचं शरीर आणि माणसाचं शरीर एक नाही, माणसाला ती मोजून दिली तर उपयोगाची आहे. पण जास्त दिवस, जास्त मात्रेत ती माणसाचं पोट आणि मूत्रपिंडही खराब करते हे दुकानदारानं सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही. झड लागली की आमच्या गावातल्या दुकानात या गोळ्या संपतात. आभाळाचा आणि दुखण्याचा संबंध आहे का, हे त्या दुकानदाराला कुठल्याही विद्वानापेक्षा चांगलं ठाऊक असणार. त्याचा तर धंदाच त्यावर आहे.

मग मला काय हवंय? फार काही नाही.

डॉक्टरांनी आभाळाची गोष्ट निघाली की हसू नये. तिथनंच विचारायला सुरुवात करावी. आभाळ आल्यावर दुखतं का मावशी, मग आभाळ नसताना कधी दुखतं? त्या दिवशी काम काय होतं? झोप लागते का? दोन मिनिटांचं काम आहे. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात साप चावल्यावर लस असते आणि असायलाच पाहिजे. तिथं आठवड्यातनं एक दिवस तरी सांध्यांचा व्यायाम शिकवणारं माणूस असावं. पुतणीनं आमच्या कारभारणीला एकच व्यायाम शिकवला. बाजेवर बसायचं, एक पाय सरळ पुढं ताणायचा, दहा मोजायचे, खाली आणायचा. मांडीची ताकद वाढली की गुडघ्यावरचा भार हलका होतो. पैसा लागत नाही. तीन महिन्यांनी ती उठताना भिंतीचा आधार घ्यायची राहिली. आभाळ आलं की अजूनही ठणकतं, पण ती म्हणते, "आता ठनकलं तरी उटता येतंय."

आणि आपण रानमालकांनी करायचं ते. मी माझ्यापुरतं केलं आहे. उभ्यानं चालवायचं सायकल कोळपं घेतलं, ओळींतलं तण त्यानं निघतं, खुरपं फक्त रोपाजवळ लागतं. उक्त्यानं काम देणं मी कमी केलं. उक्त्यात बाई दुखणं दाबून एकर संपवते आणि दुसऱ्या दिवशी पुडी खाते. रोजावर काम असलं की दर तासाला उठून चार पावलं चालायला मी सांगतो. ज्वारी काढणीला पहाटेच्या कडाक्यात सुरू करत नाही, ऊन थोडं पडू देतो, आणि हातमोजे आणून ठेवतो. शेजारचे शेतकरी मला म्हणतात, "तात्या, तुमी बायका लाडावून ठेवल्या, आमच्याकडं आता हीच मागनी करतेत." करू देत. मला रोजामागं थोडं जास्त पडतं, हे खरं आहे. ज्वारीच्या भावात ते बसत नाही, हेही खरं आहे. पण जो तोटा आजवर आईच्या गुडघ्यावर, चुलतीच्या खुब्यावर, बायकोच्या पाठीवर लिहिला जात होता, तो आता माझ्या वहीत लिहिला जातो. त्याचा भाव कुणी द्यायचा, हे भांडण मग मला बाजार समितीत जाऊन करता येतं. बाईच्या अंगावर लिहिलेल्या तोट्यासाठी कुठंच भांडता येत नाही.

कॅलेंडर मी अजून लिहितो. यंदा भिंतीवर दोन आहेत. एक आमचं, आणि दुसरं आमच्या रानात येणाऱ्या बायकांचं. त्यांतली कुणी लिहितेय, कुणी माझ्या नातीला सांगून फुली मारून घेतेय. पहिल्या दिवशी त्या हसल्या. म्हणाल्या, "तात्या, आमचं दुकनं लिवून काय मिळनार?" मी म्हणालो, "मिळायचं ते पुढं बघू. आधी लिहा तर."